डोंगराळ भागातील ग्लायडिंगची सुट्टी: बदलत्या हवामानासाठी टप्प्याटप्प्याने तयारी

सपाट प्रदेशात शेकडो तास उड्डाण केलेले पायलटही डोंगरातल्या पहिल्या सुट्टीत त्याच त्या चुका करतात, आणि या चुका बहुतेक वेळा हाताच्या सफाईच्या नसून क्रमाच्या असतात. जो निर्णय जमिनीवर घ्यायचा तो हवेत घेतला जातो, उतरण्यासाठीची जी शेते आधी पायी फिरून पाहायची ती पहिल्यांदा तीनशे मीटर उंचीवरून पाहिली जातात, आणि रजा संपत आली म्हणून संशयाच्या दिवशी ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारे विमान, बाहेर काढले जाते. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. हा लेख एकट्याने उडण्याचा परवाना असलेल्या आणि डोंगरात पहिला किंवा दुसरा मोसम करणाऱ्या पायलटसाठी आहे. पॅराग्लायडिंगचे नियम व मर्यादा वेगळ्या असतात, त्यामुळे त्यासाठी हा मजकूर वापरू नये.

टप्पा १: दिवसांचे गणित

चौदा दिवसांची सुट्टी असेल तर त्यातले निम्मेच दिवस उड्डाणाचे धरावेत आणि बाकीचे पाऊस, जोराचा वारा, खाली उतरलेले ढग आणि थकवा यांच्या नावे आधीच लिहून टाकावेत. हे गणित घरी मान्य केले नाही तर चौथ्या दिवशी पाऊस थांबताच "आज काहीही करून उडायचेच" अशी घाई सुरू होते. एका आठवड्याच्या सुट्टीत ही घाई फार लवकर येते, म्हणून पहिल्या मोसमासाठी दहा दिवसांपेक्षा कमी सुट्टी घेऊ नये असे माझे मत आहे.

ठिकाण निवडताना तिथून किती लांबची उड्डाणे होतात हे पाहण्याआधी खोऱ्यात उतरण्याजोगी जागा किती आणि किती अंतरावर आहेत हे पाहावे. आल्प्समधील सिस्तेरों किंवा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओमारामा या नामांकित ठिकाणीही धावपट्टीपासून थोडे दूर गेले की सपाट जमीन विरळ होत जाते. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे डोंगराचा अनुभव असलेला प्रशिक्षक आणि दोन आसनांचे ग्लायडर. पहिल्या दोन उड्डाणांसाठी या दोन्हींचे आरक्षण निघण्यापूर्वी झालेले असावे. तिथे गेल्यावर पाहू असे म्हटले तर हवामान उघडते त्या दिवशी प्रशिक्षक दुसऱ्याबरोबर वर गेलेला असतो.

टप्पा २: घरी करायची तयारी

सुट्टीच्या आधीच्या सहा आठवड्यांत तीन गोष्टींचा सराव करावा. पहिली म्हणजे ठरवलेल्या जागेवर, कमी लांबीत, एअरब्रेक (पंखांवर उघडणाऱ्या, उंची झटपट कमी करणाऱ्या पट्ट्या) पूर्ण उघडून उतरणे. दुसरी, ४५ अंशांच्या कलात, म्हणजे पंख तेवढे झुकवून, वेग न ढळू देता दोन्ही दिशांना वळणे. तिसरी, उंचीमापकाकडे न पाहता डोळ्यांच्या अंदाजाने उतरण्याची फेरी पूर्ण करणे, कारण खोऱ्यातल्या अनोळखी शेताची समुद्रसपाटीपासूनची उंची तुम्हाला नेमकी माहीत नसेल.

कागदपत्रांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही, पण परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, ग्लायडरची उड्डाणयोग्यता आणि विमा यांच्या तारखा सुट्टीच्या शेवटच्या दिवसापलीकडे जातात ना आणि विमा त्या देशात लागू होतो ना, एवढे नक्की पाहावे. ऑक्सिजनचा सिलिंडर भरून व तपासून घ्यावा. पॅराशूटच्या पुन्हा घडी घालण्याची तारीख पाहावी. ग्लायडर सुटे करून नेण्याच्या ट्रेलरच्या टायरवर उत्पादनाची तारीख असते, तीही पाहावी. वर्षातून एकदाच रस्त्यावर येणाऱ्या ट्रेलरचा टायर नक्षी शाबूत असूनही फुटतो.

खरा वेळ द्यायचा तो नकाशाला. डोंगरात ग्लायडरच्या पुस्तकात लिहिलेले सरकण्याचे गुणोत्तर, म्हणजे एक मीटर उंची गमावताना ते किती मीटर पुढे जाते तो आकडा, कामाचे नसते, कारण वाटेत खाली बसणारी हवा लागतेच. म्हणून ते गुणोत्तर निम्मे धरावे. समजा तुमचे ग्लायडर ४० ला १ आहे, तर आखणी २० ला १ ने करावी, म्हणजे १० किलोमीटरसाठी ५०० मीटर उंची खर्ची पडेल. शेत समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर असेल आणि उतरण्याच्या फेरीसाठी ३०० मीटर राखले तर १० किलोमीटर अंतरावर तुम्ही किमान १,४०० मीटर उंचीवर आणि २० किलोमीटर अंतरावर किमान १,९०० मीटर उंचीवर असायला हवे. प्रत्येक उतरण्याजोग्या जागेभोवती अशी वर्तुळे काढून त्यांवर उंची लिहावी. त्यानंतर जिथे वर्तुळाच्या आत एखादी डोंगरधार आडवी येते तिथे वर्तुळ तोडावे, कारण त्या पलीकडून गणिताने पोचणारे ग्लायडर प्रत्यक्षात धारेवर आपटेल. यंत्रातले संगणकीय गणित नेहमीच मधला डोंगर लक्षात घेते असे नाही, आणि घेत असले तरी त्यात भरलेली आकडेवारी तुमचीच असते.

तपासणी: नकाशावर वर्तुळांच्या बाहेर राहिलेला भाग लाल रंगाने रंगवावा. पहिल्या सुट्टीत त्या भागात जायचे नाही, वरची हवा कितीही चांगली असली तरी.

टप्पा ३: पोचल्यानंतरचे पहिले दोन दिवस

लांबच्या प्रवासानंतर त्याच दिवशी उडू नये. पहिल्या दिवशी ग्लायडर सावकाश जोडावे, स्थानिक नियमांची माहिती घ्यावी आणि मग गाडी काढून नकाशावरच्या जवळच्या चार-पाच शेतांत प्रत्यक्ष जाऊन यावे. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि माझा सर्वात जास्त आग्रह याच कामाचा आहे.

माझ्या पहिल्या मोसमात उतरण्याजोग्या शेतांच्या यादीत "उत्तम, ४०० मीटर लांब" असे लिहिलेल्या एका शेताकडे मी गाडीने गेलो. शेत होते, लांबीही होती, पण त्याच्या बरोबर मधोमध चाकांवर उभा केलेला सिंचनाचा नळ एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत आडवा पसरलेला होता. छातीइतक्या उंचीचा, राखाडी रंगाचा तो नळ मागच्या नांगरलेल्या मातीत असा मिसळून गेला होता की शंभर पावलांवरून मला आधी फक्त चाके दिसली. वरून तो दिसला असता असे मला आजही वाटत नाही. त्या दिवसापासून मी यादीवर तारीख लिहितो आणि दर वर्षी शेते नव्याने पाहतो.

शेतात उभे राहून पिकाची उंची, जमिनीचा चढ, विजेच्या तारा, कुंपण, आणि दुपारी वारा कोणत्या बाजूने येतो हे टिपून घ्यावे. त्याच फेरीत खोऱ्यावरून आडव्या गेलेल्या तारांची चौकशी करावी. लाकूड किंवा सामान वाहण्यासाठी टाकलेल्या तात्पुरत्या दोरमार्गांच्या तारा नकाशावर नसतात, आणि काही ठिकाणी त्या जमिनीपासून शेकडो मीटर उंच असतात.

दुसऱ्या दिवशी, हवामान परवानगी देईल तर, प्रशिक्षकाबरोबर दोन आसनी उड्डाण करावे. "हवा छान आहे, प्रशिक्षणात दिवस कशाला घालवू" हा विचार पहिल्याच छान दिवशी येतो. तो बाजूला ठेवावा.

टप्पा ४: रोज सकाळचा निर्णय

हा टप्पा प्रत्येक दिवशी त्याच क्रमाने करावा, दिवस स्वच्छ दिसत असला तरीही.

आदल्या रात्री मोठा नकाशा पाहावा: शीत आघाडी कुठे आहे, पर्वतरांगेच्या दोन बाजूंच्या दाबात किती फरक आहे, आणि ८५० व ७०० हेक्टोपास्कलच्या पातळीवर, म्हणजे साधारण १,५०० आणि ३,००० मीटरवर, वारा किती व कुठून आहे. धावपट्टीवरचा वारा यासाठी निरुपयोगी असतो. खाली पान हलत नसताना माथ्यावर तीस नॉट वारा असू शकतो. माथ्याच्या उंचीवर २० नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरपेक्षा, अधिक वारा असेल तर पहिल्या मोसमात एकट्याने जाऊ नये.

सकाळी ढगांच्या तळाचा अंदाज करावा. अपेक्षित कमाल तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घेऊन त्याला १२५ ने गुणले की जमिनीपासून ढगाचा तळ साधारण किती मीटरवर असेल ते मिळते. तापमान २६ अंश आणि दवबिंदू १४ अंश असेल तर फरक १२ आणि तळ १,५०० मीटरवर. खोऱ्याची जमीन ७०० मीटरवर असल्यास तळ समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवर येतो. आता शेजारच्या धारा २,००० मीटर उंच असतील, तर सपाट प्रदेशात सुखाचा वाटणारा हाच दिवस इथे धारेवर जेमतेम २०० मीटर जागा देतो. अशा दिवशी दुसऱ्या खोऱ्यात जाण्याचा विचारच करू नये.

विमानतळाच्या अंदाजावर पूर्ण भिस्त ठेवणे ही आणखी एक नेहमीची चूक. तो अंदाज विमानतळाच्या भोवतालच्या साधारण आठ किलोमीटर परिसरापुरता असतो आणि विमानतळ बहुधा मोकळ्या, सपाट जागी असतात. तीन धारांपलीकडच्या अरुंद खोऱ्यातले ढग त्याला माहीत नसतात.

एवढे झाल्यावर एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहाव्यात आणि ती चिठ्ठी कॉकपिटमध्ये समोर दिसेल अशी चिकटवावी:

१. आज कुठपर्यंत जायचे.
२. किती वाजता जमिनीवर असायचे.
३. आकाशात काय दिसले की तत्काळ परतायचे.

तिसरी ओळ सर्वात महत्त्वाची आहे. "हवामान बिघडले तर" असे लिहून उपयोग नाही, कारण हवेत असताना हवामान बिघडले असे कुणालाच वाटत नाही. प्रत्येकाला ते अजून थोडे चालेल असेच वाटते. "पश्चिमेच्या धारेचा माथा ढगात गेला की", "ढगांची तळापासून माथ्यापर्यंतची उंची त्यांच्या तळाच्या जमिनीपासूनच्या उंचीपेक्षा जास्त झाली की", "पाण्यावर पांढरे फेस दिसले की" अशी डोळ्यांना दिसणारी, होय किंवा नाही असे उत्तर असणारी खूण लिहावी. खूण दिसल्यावर चर्चा नाही. जमिनीवर शांत डोक्याने ठरवलेली मर्यादा हवेतल्या उत्साही डोक्याने बदलायची नसते.

इशारा: चिठ्ठी लिहिता येत नसेल, म्हणजे तिसऱ्या ओळीसाठी नेमके काय लिहावे हे सुचत नसेल, तर तुम्हाला त्या दिवसाचे हवामान पुरेसे समजलेले नाही. प्रशिक्षकाला विचारावे किंवा थांबावे.

टप्पा ५: ग्लायडर जोडणे आणि निघण्यापूर्वी

जोडणी करताना कुणी बोलायला आले तर थांबावे, आणि पुन्हा सुरुवात करताना एक पायरी मागे जाऊन सुरू करावे. जोडणी पूर्ण झाल्यावर दुसऱ्या व्यक्तीने प्रत्येक नियंत्रण-पृष्ठ (पंख व शेपटीवरचा हलणारा भाग) हाताने धरून ठेवावे आणि पायलटने आतून जोर लावून पाहावा. नुसते हलते का हे पाहणे पुरेसे नाही, कारण न जोडलेले पृष्ठही वाऱ्याने हलते.

सोबत पाणी, गरम जाकीट, चालता येईल असे बूट, टॉर्च, शिट्टी आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र किंवा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन असावा. हा बीकन अंगावर असावा, आसनामागच्या कप्प्यात नव्हे, कारण पॅराशूटने बाहेर पडलात तर तो ग्लायडरबरोबर जाईल. लघवीची सोय करावी. ती नसली की पायलट पाणी पीत नाही, आणि तहानलेल्या मेंदूचे निर्णय बिघडतात.

उंचीमापक धावपट्टीच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर लावावा. हवामान बिघडत असताना दाब उतरतो, आणि दर हेक्टोपास्कलमागे साधारण ८ मीटरचा फरक पडतो. पाच तासांत दाब ६ हेक्टोपास्कलने उतरला तर उंचीमापक खऱ्या उंचीपेक्षा सुमारे ५० मीटर जास्त दाखवेल, म्हणून परतताना रेडिओवर नवा दाब विचारून घ्यावा.

टप्पा ६: टो

उंचावरच्या धावपट्टीवर आणि उन्हाच्या दुपारी हवा विरळ असते, त्यामुळे धाव लांबते आणि ग्लायडरला दोरीने ओढून वर नेणारे टो-विमान सावकाश चढते. निघण्यापूर्वी दोरी कोणत्या उंचीखाली तुटली तर कुठे उतरायचे हे मोठ्याने बोलावे. खळबळाटाच्या हवेत टो-विमान नजरेआड झाले तर क्षणाचाही विचार न करता दोरी सोडावी. यात तुमच्याइतकाच पुढच्या पायलटचाही जीव असतो.

टप्पा ७: उताराजवळ उडणे

क्रम असा ठेवावा: आधी अंतर, मग वेग, मग उतार. धारेकडे समोरासमोर कधीही जाऊ नये. साधारण ४५ अंशांच्या तिरप्या रेषेने जावे, म्हणजे हवा खाली बसू लागली तर थोडेसे वळून खोऱ्याकडे सुटता येते. वेग उताराच्या जवळ पोचण्यापूर्वी वाढवलेला असावा. ४५ अंशांच्या कलात स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल तुटते तो वेग, १९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे सरळ उड्डाणात ताशी ७० किलोमीटरला स्टॉल होणारे ग्लायडर वळणात ८३ ला होते, आणि त्यात वाऱ्याचा एखादा झोत कमी-जास्त झाला तर हाताशी काही उरत नाही.

इथे सर्वात फसवी गोष्ट म्हणजे क्षितिज. सपाट प्रदेशात आपण नकळत नाक क्षितिजाच्या खाली ठेवून वेग राखतो. डोंगरात समोर क्षितिज नसते, चढत जाणारा उतार असतो, आणि डोळे त्या उताराच्या वरच्या रेषेला क्षितिज समजून नाक हळूहळू वर घेतात. वेग कमी होतो, पण उतार जवळ असल्यामुळे जमीन भराभर मागे सरकताना दिसते आणि वेग जास्तच आहे असे वाटत राहते. यावर उपाय एकच: वेगमापक दर काही सेकंदांनी पाहणे आणि वाऱ्याचा आवाज ऐकणे. आवाज मंदावला की आधी नाक खाली, मग बाकीचे.

वळण नेहमी उतारापासून दूर, खोऱ्याच्या बाजूला घ्यावे आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखे येरझारे मारावेत. पूर्ण गिरकी माथ्याच्या किमान २०० मीटर वर गेल्याशिवाय घेऊ नये. समोरासमोर दोन ग्लायडर आली तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला वाट मिळते, आणि दुसऱ्याने उजवीकडे खोऱ्यात सरकायचे असते. मागून पुढे जाण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते टप्पा ३ मध्येच विचारून घ्यावेत.

खिंड ओलांडताना पलीकडच्या प्रदेशाकडे पाहावे. जवळ जाताना पलीकडचा अधिकाधिक भाग दिसू लागला तर तुम्ही खिंडीच्या वर आहात. दिसणारा भाग कमी होऊ लागला तर तुम्ही बुडत आहात आणि परतीचे वळण आत्ताच घ्यायचे आहे. वाऱ्याआडच्या बाजूने धारेकडे जात असाल तर हवा खाली बसणार हे गृहीत धरून बरीच जास्त उंची राखावी.

३,००० मीटरवर वेगमापकात ताशी १०० किलोमीटर दिसत असताना खरा वेग सुमारे ११६ असतो आणि त्याच कलात वळणाची त्रिज्या साधारण ३५ टक्क्यांनी वाढते. खाली ज्या घळीत सहज वळला असता तिथे वर वळण बसत नाही. याच उंचीच्या आसपास ऑक्सिजन सुरू करावा. त्रास होऊ लागला की लावू असे म्हणू नये, कारण प्राणवायू कमी पडला तरी त्रास जाणवेलच असे नाही, उलट बरेही वाटू शकते.

टप्पा ८: हवामान बदलताना

तीन प्रकारचे बदल ओळखता आले पाहिजेत.

पहिला, दुपारचे गडगडाटी ढग. सकाळी दहा-अकरालाच ढग रुंदीपेक्षा उंचीला जास्त वाढू लागले, कडा फुलकोबीसारख्या टणक दिसू लागल्या आणि तळ काळवंडला, की दिवस लवकर संपणार. वादळातून निघालेला थंड वारा वीस किलोमीटर पुढेही पोचतो, आणि अरुंद खोऱ्यात तो पाण्यासारखा खाली वाहत येतो. धावपट्टीवर काही मिनिटांत वाऱ्याची दिशा उलटू शकते. त्यामुळे वादळ शेजारच्या खोऱ्यात असतानाच उतरावे. पाऊस खाली पोचेपर्यंत थांबलात तर पर्यायी शेताकडे दूर निघून जाणे हाच मार्ग उरतो.

दुसरा, पर्वतावरून उतरणारा कोरडा, उबदार वारा, ज्याला आल्प्समध्ये 'फॉन' (Föhn) म्हणतात. आकाश विलक्षण स्वच्छ असते, मुख्य रांगेवर ढगांची भिंत बसलेली असते आणि वर भिंगाच्या आकाराचे ढग एका जागी स्थिर दिसतात. नवख्याला हे सुंदर दृश्य वाटते, पण त्या स्थिर ढगांखाली रोटरची गुरफटणारी हवा असते, जी खांद्याचे पट्टे सैल असतील तर डोके कॅनोपीवर, म्हणजे वरच्या पारदर्शक झाकणावर, आदळवते. डोंगर ओलांडून आलेल्या हवेच्या लहरींतून वर गेलात तर खालच्या ढगांमधल्या फटींवर लक्ष ठेवावे, आणि ढगांनी निम्म्याहून अधिक जमीन झाकली की एअरब्रेक उघडून खाली यावे.

तिसरा बदल दिसायला साधा आहे: संध्याकाळ. वर ऊन असताना खोऱ्यात अंधार पडू लागलेला असतो, सावलीतला उतार आणि त्यापुढचा उतार एकमेकांत मिसळतात, आणि दिवसभर खोऱ्यातून वर वाहणारा वारा उलटून खाली वाहू लागतो. चिठ्ठीच्या दुसऱ्या ओळीत सूर्यास्ताची वेळ लिहू नये. डोंगराची सावली धावपट्टीवर पोचण्याची वेळ लिहावी.

टप्पा ९: बाहेर उतरण्याची वेळ आली तर

जमिनीपासून ६०० मीटरवर असताना शेत तुमच्या पोचेत हवे, ४५० मीटरवर निवड पक्की हवी आणि ३०० मीटरवर फेरी सुरू झालेली हवी. चढ असलेल्या शेतात चढाकडे तोंड करून उतरावे, मागून थोडा वारा असला तरी. वरून चढ जाणवत असेल तर तो प्रत्यक्षात बराच तीव्र असतो. तारा दिसत नाहीत, म्हणून खांब शोधावेत. वाऱ्यासाठी जवळचे तळे पाहावे: ज्या काठाकडून वारा येतो तिथे पाण्याचा गुळगुळीत, चकचकीत पट्टा दिसतो. उतरल्यावर आधी सोबत्यांना कळवावे, मग ग्लायडरला हात लावावा.

टप्पा १०: न उडण्याचे दिवस आणि परतीचा दिवस

पावसाच्या दिवशी उरलेली शेते पाहावीत आणि बॅटऱ्या भराव्यात. ग्लायडर बाहेर असेल तर एअरब्रेक उघडे ठेवून पंख जमिनीला बांधावेत आणि रात्रीच्या वादळाआधी दोऱ्या पुन्हा ताणाव्यात.

शेवटच्या दिवशी उड्डाण ठेवू नये. तो दिवस ग्लायडर सुटे करण्यासाठी राखावा, आणि ते काम सकाळी, खोऱ्यातला वारा सुटण्यापूर्वी करावे, कारण दुपारच्या वाऱ्यात एकटा पंख धरून उभा राहिलेला माणूस तो पंख सांभाळू शकत नाही. ट्रेलरमध्ये प्रत्येक भाग बांधून झाल्यावर पिना मोजून डब्यात टाकाव्यात. निघाल्यानंतर पन्नास किलोमीटरवर गाडी थांबवून चाकांचे नट पुन्हा आवळावेत आणि दोन्ही चाकांच्या मध्यभागी हाताची पाठ जवळ नेऊन पाहावे. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागले तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतो आहे, आणि तिथून पुढे जायचे नाही.